रिकाम्या टोपलीचा धडा

फाल्गुनातील संध्याकाळ होती. वेळासच्या किनाऱ्यावर सूर्य पाण्याला टेकत आला होता, सुरूच्या बनातून वारा घुमत होता आणि वाळूत ताणलेल्या एका दोरीच्या अलीकडे शेदीडशे माणसे दाटीवाटीने उभी होती. त्यांत कडेवरची मुले होती, काठी टेकीत आलेले आजोबा होते, शाळेची एक सहलही होती. दोरीपलीकडे जाळीचे कुंपण घातलेला वाळूचा एक चौकोन होता आणि त्यात ओळीने टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. कुंपणाच्या आत गेलेल्या गावकऱ्याने पहिली टोपली उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली. वाळू. तिसरी, चौथी, पाचवी. शेवटची टोपली जागेवर ठेवून त्याने हात झाडले आणि शांतपणे सांगितले, "आज काही नाही. उद्या सकाळी सातला या."

गर्दीतून निराशेचा एक सुस्कारा उमटला. आमच्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ पुरेशा मोठ्या आवाजात म्हणाले, की माणसे एवढ्या लांबून येतात, निदान एखादे पिल्लू तरी दाखविण्यासाठी राखून ठेवावयास काय हरकत होती? आमच्याबरोबर शेजारच्या घरातील नऊ वर्षांचा एक मुलगा आला होता. बेळगावहून निघून चिपळूण, खेड, मंडणगड असा दिवसभराचा प्रवास त्याने कासवांच्या ओढीने निमूट सोसला होता. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. कुंपणाबाहेर आलेल्या त्या गावकऱ्यापाशी जाऊन त्याने विचारले, "काका, तुम्ही बोलावलं तरी ती येत नाहीत का?"

तो मनुष्य हसला. "अरे बाळा, बोलावणारे आपण कोण? ती त्यांच्या वेळेनं येतात. आपण त्यांच्या वेळेला हजर राहायचं."

वाचकहो, मुलांना निसर्गाची गोडी कशी लावावी, या विषयावर आम्ही आजवर पुष्कळ वाचले आहे आणि क्वचित लिहिलेही आहे. परंतु त्या एका उत्तरात जेवढे शिक्षण भरलेले होते, तेवढे आम्हांस कोणत्याही पुस्तकात आढळले नाही. आजकाल निसर्ग मुलांच्या पुढ्यात वाढून ठेवला जातो. पडद्यावरचा वाघ बटण दाबताच डरकाळी फोडतो, प्राणिसंग्रहालयातील हत्ती तिकीट काढताच समोर असतो. मागितले की मिळते, अशा या व्यवहारात मूल गिऱ्हाईक होते. शेदीडशे माणसांना रिकाम्या टोपल्या दाखवून माघारी पाठविण्याचे धैर्य ज्यांच्या अंगी आहे, त्यांनी निसर्गशिक्षणाचे मर्म ओळखले आहे, असे आम्हांस वाटते. हे मर्म त्यांना कसे गवसले, त्याची हकीकत या महिन्यात सांगावी असे मनात आहे.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट खाडीच्या मुखाजवळचे लहानसे गाव. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांना ते ठाऊक असते. त्याच्या किनाऱ्यावर 'ऑलिव्ह रिडले' जातीची सागरी कासवे थंडीच्या दिवसांत रात्री अंडी घालण्यास येतात, ही गोष्ट मात्र फार वर्षे गावाबाहेर कोणास ठाऊक नव्हती. गावात ती सर्वांना माहीत होती, पण निराळ्या कारणाने. मादी वाळूत हात-दीड हात खोल, तळाशी रुंद असा सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ओढून खड्डा बुजविते, अंगाने थोपटून तो सारखा करते आणि मागे न पाहता समुद्राकडे परत जाते. तिच्या वल्ह्यासारख्या पायांची दुहेरी नक्षी वाळूवर उमटलेली असते. पहाटे ती नक्षी पाहिली, की खड्डा कोठे असेल ते जाणत्याला कळे. मग अंडी काढून कोणी घरी खाई, कोणी विकी. माणसाच्या हातून सुटली, तर कुत्री आणि कोल्हे ती उकरून काढीत.

आपल्या देवळांतून गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. घंटा वाजवून, त्याला हात लावून आपण पुढे जातो. विष्णूच्या दशावतारांत कूर्म दुसरा, हे लहान मूलही सांगते. तेव्हा कासवाविषयी आदर आपल्याकडे नव्हता, असे म्हणता येणार नाही. दगडाच्या कासवाला हात जोडणारा आणि वाळूतील अंडी काढणारा हे एकाच माणसाचे दोन हात होते, आणि त्या दोहोंची गाठ कोणी घालून दिली नव्हती, एवढेच.

ती गाठ घातली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने. श्री. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९२ साली ही संस्था काढली. संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी कोकणच्या किनाऱ्याने हिंडत असता २००२ साली वेळासला त्यांना कासवांची लुटलेली घरटी दिसली. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीस बसलेले आहे. त्याची अंडी काढणे हा गंभीर गुन्हा ठरतो. तेव्हा पोलिसांत वर्दी देणे, दोनचार माणसांना कोर्टाची पायरी दाखविणे, हा एक मार्ग मोकळा होता. तसे झाले असते, तर अंडी काढणारे अधिक सावध झाले असते आणि गाव संस्थेचे कायमचे वैरी झाले असते.

संस्थेने दुसरा मार्ग धरला. गावात बैठका घेतल्या, शाळेत जाऊन चित्रे दाखविली, कासवाचे आयुष्य समजावून सांगितले, आणि ज्यांना घरटे हुडकून काढण्याची विद्या अवगत होती, त्यांनाच राखणीच्या कामास बोलावले. पहाटेच्या अंधारात किनारा पालथा घालावा, माग दिसला की घरटे शोधावे, भरतीचे पाणी, कुत्री आणि माणसे यांपासून दूर, कुंपण घातलेल्या जागेत तसाच खड्डा करून अंडी अलगद त्यात ठेवावी, असे ते काम. अंडी उचलताना त्यांची उलथापालथ होऊ द्यावयाची नसते, कारण आतील जीव त्याने दगावतो. हे काम हलक्या आणि सरावलेल्या हातांनीच करावे लागते, आणि असे हात गावात होतेच. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिले समुद्रात गेली. जी विद्या काल चोरून वापरावी लागे, ती आज चारचौघांत मानाची झाली. माणसाला लाज आणून सुधारण्यापेक्षा त्याच्या अंगी असलेल्या गुणाला प्रतिष्ठा देऊन सुधारणे किती सोपे असते, हे आपण घरात मुलांना वाढविताना देखील विसरतो.

येथवर अंडी वाचली. पण संस्थेची माणसे कायम गावात राहणार नव्हती, आणि पोट उपदेशाने भरत नाही. म्हणून २००६ पासून 'कासव महोत्सव' सुरू झाला. महोत्सव म्हटले की मांडव, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचे सत्कार डोळ्यांपुढे येतात. येथे तसे काही नाही. पिले बाहेर पडण्याच्या दिवसांत लोकांनी यावे, गावकऱ्यांच्याच घरी उतरावे, त्यांच्या ओटीवर बसून भात, कुळथाची पिठी, सोलकढी असे घरचे जेवण जेवावे, आणि सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलण्याच्या वेळी किनाऱ्यावर यावे, इतकाच तो महोत्सव. पाहुण्यांचे पैसे घराघरांत जातात आणि त्यांतील मोठा वाटा रांधणाऱ्या बायकांच्या कष्टाचा असतो. घरट्यात अंडी राहिली तरच पाहुणे येतात, हा हिशेब कोणी फळ्यावर मांडून दाखवावा लागला नाही. पुढे गावच्या 'कासवमित्र मंडळा'ने हे काम अंगावर घेतले, वनखाते पाठीशी उभे राहिले आणि आंजर्ल्यासारख्या इतर गावांतूनही तशीच राखण सुरू झाली. संस्थेने लावलेले रोप गावाने आपल्या अंगणात नेले. सार्वजनिक कार्यात याहून मोठे यश आम्ही मानीत नाही. आपण सोडून दिल्यावर काम बंद पडते, हे पुष्कळ संस्थांना आपल्या थोरवीचे लक्षण वाटते. वस्तुतः ते अपयशाचे लक्षण असते.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही पुन्हा दोरीपाशी उभे राहिलो. रात्री मुलाने शंभर प्रश्न विचारले होते आणि घरधन्याने जेवता जेवता त्यांतील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे दिली होती. अंडी पन्नासएक दिवस वाळूच्या उबेत राहतात. त्यांना उबविणारे कोणी नसते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक होतात, थंड राहिली तर नर अधिक होतात. पिले एकमेकांच्या आधाराने वाळू खाली ढकलीत वर येतात आणि बहुधा रात्री किंवा गारव्याच्या वेळी बाहेर पडतात, कारण तापलेली वाळू त्यांना मारक असते. हे सांगणारे गृहस्थ मराठी शाळेत चारपाच इयत्ता शिकले होते. लहानपणी आपण वडिलांबरोबर अंडी काढण्यास जात असू, हेही त्यांनी भाकरी मोडता मोडता मुलासमोर सहज सांगून टाकले. लपविण्यासारखे त्यांना त्यात काही वाटले नाही, आणि मुलालाही ते ऐकून त्यांचा राग आला नाही. "मग आता का नाही काढत?" एवढेच त्याने विचारले. "आता ती कुठं जातात, ते पाहिलंय ना," असे उत्तर आले.

तिसरी टोपली उचलली आणि गर्दीत एकदम कुजबुज झाली. टोपलीखाली वाळू हलत होती. तळहाताहूनही लहान, करड्या रंगाची, ओल्या वाळूने माखलेली पिले एकमेकांच्या अंगावरून चढत होती. एकूण सतरा. ती एका पाटीत घालून किनाऱ्यावर आणली आणि पाण्यापासून काही पावले अलीकडे ओल्या वाळूवर सोडली. थेट पाण्यात का सोडीत नाहीत, असे कोणीतरी विचारले. त्या कासवमित्राने सांगितले, की एवढी वाट त्यांची त्यांनीच चालावयाची असते. जन्मभूमीची ओळख या पहिल्या चालण्यातच त्यांच्या ठायी ठसत असावी, असे जाणकार मानतात. माद्या मोठ्या झाल्यावर बहुधा त्याच प्रदेशातील किनाऱ्यावर अंडी घालण्यास परततात.

सोळा पिले लाटांनी उचलून नेली. सतरावे मागे राहिले. दोन पावले जाई आणि थांबे, पुन्हा दोन पावले जाई आणि लाटेने मागे फेकले जाई. आमच्या मुलाने दोरीखालून हात पुढे केला. कासवमित्राने तो हात धरला नाही, की तो ओरडलाही नाही. मुलाच्या शेजारी उकिडवा बसून तो म्हणाला, "तुझ्या मनात आहे तेच माझ्याही मनात आहे. पण हात लावायचा नाही. कुत्रं आलं, कावळा आला, तर आपण हाकलू. चालायचं त्यानंच."

मुलाने हात मागे घेतला आणि पाठीमागे घट्ट बांधून ठेवला. किती वेळ गेला, ते आम्ही घड्याळात पाहिले नाही. अखेर एका मोठ्या लाटेच्या परतीत ते पिल्लू दिसेनासे झाले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मुलाने मात्र वाजविल्या नाहीत. त्याने विचारले, "यातली किती मोठी होतील?" कासवमित्राने खोटे सांगितले नाही. "हजारांत एखादं जगतं म्हणतात." यावर मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग हिशेब केल्यासारखा म्हणाला, "म्हणजे पुष्कळ टोपल्या लागतील."

आम्हांस वाटते, मुलांना निसर्गाशी जोडू पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेने जे तीन धडे द्यावेत, ते या दोन दिवसांत त्याला मिळाले होते. वाट पाहणे, हात न लावणे आणि खरे ऐकणे. यांपैकी एकही धडा भाषणातून देता येत नाही. आपण मुलांना नेहमी उलटे शिकवितो. त्यांना वाट पाहावी लागू नये म्हणून धडपडतो, जे दिसेल ते उचलून त्यांच्या हाती देतो, आणि जगातील कठोर गोष्टी गोड करून सांगतो.

हा मार्ग आपल्याकडे अगदीच नवा आहे, असे मात्र नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी एकत्र येऊन 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. त्या आठांत दोन आपली माणसे होती. एक प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. पुढे चोवीसपंचवीस वर्षांनी, १९०८ च्या सुमारास, या संस्थेच्या कचेरीत एक शाळकरी मुलगा एक मेलेली चिमणी घेऊन भीतभीत आला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने ती स्वतःच मारली होती. नेहमीच्या चिमणीसारखी ती दिसेना, कारण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे कळावे म्हणून मामांनी त्याला संस्थेकडे धाडले होते. तेथील मानद चिटणीस मिलर्ड हे वस्तुतः मद्याचे व्यापारी. मुलाला 'पक्षी का मारलास' म्हणून दटावणे, किंवा नाव सांगून वाटेस लावणे, त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे न करता चिमणीची जात सांगितली, मग कपाटाचे खण एकामागून एक उघडून भुसा भरून ठेवलेले नानाविध पक्षी त्याला दाखविले आणि वाचण्यास पुस्तकेही दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. भारतातील पक्ष्यांचा अभ्यास पुढे त्यांनी कोठे नेऊन ठेवला, ते सर्वांस ठाऊक आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले, ते त्या चिमणीच्याच पडण्याचे.

मिलर्डसाहेबांचा किती वेळ त्या दिवशी गेला असेल? तास, फार तर दोन तास. वेळासचा कासवमित्र आणि हा व्यापारी चिटणीस यांच्यात शंभर वर्षांचे आणि दोन निराळ्या जगांचे अंतर आहे. परंतु दोघांनी केले ते एकच. मुलाचा प्रश्न त्यांनी मोठ्या माणसाच्या प्रश्नाइतका गंभीरपणे घेतला, आणि ज्याच्या हातात बंदूक होती किंवा अंडी होती, त्याला आत घेतले. आज हीच संस्था मुंबईत गोरेगावला जंगलाच्या कडेला ३३ एकर जागेत निसर्गशिक्षणाचे केंद्र चालविते आणि शाळांची मुले तेथील पायवाटांवरून फुलपाखरे, कोळी आणि झाडे पाहत हिंडतात. एका मुलासाठी उघडलेले खण आता पुष्कळांसाठी उघडले गेले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

लोकांना जवळ आणण्यात धोकेही आहेत, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वेळासलाच आम्ही पाहिले, की मनाई सांगूनही काहींनी भ्रमणध्वनीचे दिवे लावले. पिले क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने समुद्राची दिशा ओळखतात. किनाऱ्यावरचा दिवा त्यांना उलट्या वाटेने नेऊ शकतो. सुट्टीच्या दिवशी गर्दी आवरेनाशी होते आणि काहींच्या मागे वेष्टने व बाटल्या उरतात. पर्यटक वाढले की निवासाची हॉटेले येतात, हॉटेले आली की रात्रभर दिवे येतात, आणि मग अंधार शोधीत येणारी मादीच यावयाची थांबते. ज्या कौतुकाने कासव वाचविले, तेच कौतुक त्याचा किनारा हिरावून घेण्याची भीती आहे. त्यावर उपाय एकच. कौतुकाला शिस्तीची जोड हवी. दोरी ओलांडू न देणारा गावकरी आणि मुलाचा हात आवरणारा बाप, या दोघांनीच ती आणता येते.

किनाऱ्याच्या पलीकडे समुद्रातही संकटे आहेतच. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मोठी कासवे मरतात. तेथेही दंडापेक्षा सहभागाचा मार्ग उपयोगी पडला आहे. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने अशी योजना केली, की जाळ्यात सापडलेले कासव किंवा अन्य संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी कोळ्याने जाळे कापले, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. सुटकेचे छायाचित्र वा चित्रफीत हा पुरावा. त्यामुळे कित्येक कोळ्यांनी कासवे सोडून दिली आणि त्यांची छायाचित्रेही काढली.

आणि या साऱ्या पाहण्यातून ज्ञानही वाढते. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संकेत पाठविणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव 'प्रथमा' ठेवले. पश्चिम किनाऱ्यावर असे यंत्र बसविलेली ही पहिलीच ऑलिव्ह रिडले मादी. त्याहून नवलाची गोष्ट २०२५ च्या जानेवारीत घडली. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला खुणेची पट्टी अडकविलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याची कासवे निराळी आणि पश्चिम किनाऱ्याची निराळी, या समजाला तिने एका रात्रीत धक्का दिला. रात्री किनारा पाहणारी माणसे तेथे नसती, तर ती आली आणि गेली, हे कोणास कळलेही नसते.

आमचे बहुतेक वाचक समुद्रापासून दूर राहतात. गोव्यातील कुटुंबांना मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील कासवांचे किनारे जवळ आहेत. इतरांनी काय करावे? कासव हे केवळ एक निमित्त आहे. इंदूरच्या सिरपूर तलावाला २०२२ मध्ये 'रामसर' पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला. त्यामागे श्री. भालू मोंढे आणि त्यांच्या 'नेचर व्हॉलंटियर्स'चे अनेक वर्षांचे राखणे आहे. हे मराठी नाव इंदूरच्या किती मराठी मुलांना ठाऊक आहे? बडोद्यात भर शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी राहतात आणि वस्तीत शिरलेली मगर अलगद परत नेणारे स्वयंसेवक त्या शहरात आहेत. ग्वाल्हेरपासून मोरेन्याजवळचे देवरी फार दूर नाही. तेथे चंबळेच्या घडियालांची पिले वाढवून नदीत सोडतात. हैदराबादेजवळच्या अमीनपूर तलावाला २०१६ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले, आणि त्या शहरातील पक्षिनिरीक्षकांची मंडळी नवख्यांना बरोबर नेण्यास तयार असतात. बेळगावकरांच्या दाराशी भीमगडचे अभयारण्य आहे, आणि त्याच्या गुहांत जगात अत्यंत दुर्मिळ समजले जाणारे वटवाघूळ राहते.

परमुलखात राहून भाषा आणि सण टिकविण्याची खटपट आपण पिढ्यानुपिढ्या केली. मुलांना श्लोक शिकविले, गणपती बसविले. पण ज्या मातीत आपली मुले वाढतात, तेथील नदी, तलाव आणि पाखरू यांची ओळख त्यांना करून देण्यात आपण काहीसे मागे पडलो. मूळ गावाच्या आठवणींत आपण एवढे रमलो, की राहते गाव मुलांना परकेच राहिले. राहत्या गावचा एखादा पक्षी, एखादी मगर ज्या मुलाने वाट पाहून पाहिली, त्याला ते गाव परके वाटणार नाही. आणि अशी वाट दाखविणारी एखादी संस्था जवळपास असेल, तर वर्गणी देऊन मोकळे न होता मुलाला घेऊन एका रविवारी तेथे जावे. पहिल्या दिवशी काही दिसले नाही, तर दुसऱ्यांदा जावे.

आमच्या शेजारच्या मुलाने परतल्यावर वहीत दोन ओळींची नोंद केली. ती त्याने आम्हांस दाखविली, म्हणून येथे देतो. "संध्याकाळी ०. सकाळी १७." शून्याची नोंद त्याने गाळली नव्हती.